दहा रुपयांच्या चहात काय काय येतं?

चहा दहा रुपयांना. त्या दहा रुपयांत दूध आलं, साखर आली, पत्ती आली, गॅस आला, ग्लास विसळायचं पाणी आलं आणि आईच्या गुडघ्यांचं दुखणं आलं. माझं हसणं त्यात धरलंय का?

प्रश्न एवढाच आहे. पण गेलं वर्षभर तो डोक्यात भुंग्यासारखा फिरतोय. वस्तीतल्या समाजमंदिरात बोलायला गेले तर म्हातारी माणसं खाकरली आणि तरुण पोरांनी मुठी आवळल्या. खाकरून प्रश्न सुटत नाही आणि मुठीनंही सुटत नाही. म्हणून लिहिते.

मी इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत ऑटोकोनर खात्यात आहे. सकाळची पाळी सुटली की गेटसमोर आईचा चहाचा गाडा आहे तिथं उभी राहते, दिवस मावळेपर्यंत. गिरणीत मशीन माझ्याशी बोलत नाही आणि मी मशीनशी बोलत नाही. दिवा लागला की हात चालवायचा. गाड्यावर मात्र बोलावं लागतं. या, बसा. आलं जास्त घालू का? काल दिसला नाहीत? हे सगळं कामच आहे. गिऱ्हाईक पुढच्या गाड्यावर जाऊ नये म्हणून करायचं काम. त्याचा पगार वेगळा मिळत नाही, तो चहातच धरलेला असतो. म्हणजे हसणं थोडंफार विकलंच जातं, हे मी नाकारत नाही. सोवळेपणाचा आव मला आणायचा नाही. पण कामाचं हसणं वेगळं आणि मनाचं हसणं वेगळं. हा फरक ओळखायची जबाबदारी कुणाची? हसणारीची की बघणाऱ्याची? गाठ इथं आहे.

ते गिऱ्हाईक आमचं रोजचं. सुताच्या एका पेढीवर कामाला. गिरणीतून माल उचलायला गाडी आली की हा सोबत. तिशीच्या आतला, शिकलेला, वरच्या जातीचा. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की प्रश्न त्याचा एकट्याचा होतो आणि बाकीचे सगळे सुटतात. तो गुंड नव्हता, हे आधीच सांगते, कारण गुंडासाठी लेख लिहावा लागत नाही. त्यानं कधी हात धरला नाही, शिट्टी मारली नाही. उलट फुले वाचलेला, बाबासाहेब वाचलेला. १४ एप्रिलला आमच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून चालणारा. मी कविता करते हे कळल्यावर त्याला कोण आनंद.

आधी एका चहावर दोन तास बसायला लागला. मग शंभराची नोट द्यायची आणि सुट्टे घ्यायचे नाहीत. मग पुस्तक. मग पुस्तकात चिठ्ठी. आणि ह्या सगळ्याच्या मधे कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं.

ह्या 'तू'पाशी जरा थांबते. माझा आज्जा सत्तरीचा असताना गावातलं दहा वर्षांचं पोर त्याला 'ए, इकडं ये' म्हणायचं. आमच्या कित्येक पिढ्यांनी 'तू' ऐकलं. 'तुम्ही' आम्हाला कुणी प्रेमानं दिलेलं नाही. बाबासाहेबांच्या चळवळीनं ते झगडून मिळवून दिलं, कागदावर आणि मग हळूहळू तोंडात. आणि हा म्हणतो, जवळीक वाटते म्हणून 'तू' म्हणतो. असेल. त्याच्या मनात असेलही तसं. पण जातीचं 'तू' आणि प्रेमाचं 'तू' कानाला सारखंच लागतं. त्यातलं कुठलं हे ठरवायचं ते ऐकणारीनं, बोलणाऱ्यानं नव्हे. ती 'तू' म्हण म्हणाली तर गोष्ट वेगळी. मी म्हणाले नव्हते.

मी नकार दिला तो साफ शब्दांत दिला. "मला तुमच्याबद्दल तसं काही वाटत नाही. चहाला या, बाकीचं नको." तो हसला. म्हणाला, "घाई नाही. विचार कर." माझा नकार त्यानं उधारीच्या वहीत लिहून घेतला. आज नाही तर उद्या वसूल होईल म्हणून. आमच्याकडं उधारीची वही आहे, तिच्यात गिऱ्हाईक आमचं देणं लागतं. ह्यानं उलटी वही काढली. तिच्यात मीच त्याची देणेकरी.

आईला सांगितलं. आई म्हणाली, "पोरी, गिऱ्हाईक हाय त्ये. तोंड वाकडं करून कसं चालंल? जरा गोडीनं घे." आईला मी दोष देत नाही. ती तीस वर्षं गोडीनंच घेत आली, तेव्हा चार पोरांचं पोट भरलं. गोडी हे गरिबाच्या बाईचं हत्यार आहे आणि त्याच हत्यारानं तिचा हातही कापतो. गोड बोलली तर "तिनंच नादी लावलं", कडू बोलली तर "चहा विकायला बसलीय आणि माज बघा".

मग सल्ले सुरू झाले. खात्यातल्या बायकांचे, शेजारणींचे, सगळे मायेनं दिलेले. पहिला सल्ला: त्याला दादा म्हण. दुसरा: श्रावणात राखी बांधून टाक, मिटलं. तिसरा: बाजारात दोन वाट्यांचं खोटं मंगळसूत्र मिळतं, गाड्यावर असताना घालत जा. एकीनं तर स्वतःच्या गळ्यातलं दाखवलं. तिचं लग्न झालेलं नाही. एसटीनं ये-जा करताना घालते, घरी गेली की डब्यात ठेवते.

मी तिला हसले नाही. संध्याकाळची शेवटची एसटी मीही बघितलीय. पण ह्या तिन्ही सल्ल्यांचा अर्थ काय होतो तो बघा. दादा म्हण म्हणजे, तू त्याची बहीण हो, मग तो तुला सोडेल. मंगळसूत्र घाल म्हणजे, तू दुसऱ्या कुणाची तरी बायको आहेस असं दाखव, मग तो तुला सोडेल. तिन्हीत माझा नकार कुठंच नाही. माझ्या 'नको'ला किंमत नाही, माझ्यामागं उभ्या असलेल्या किंवा नसलेल्या पुरुषाला आहे. शेतात कुणी शिरू नये म्हणून मालकाच्या नावाची पाटी लावावी, तसं. शेताला विचारतं कोण?

शिवाय राखी आम्ही का बांधायची? १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. आमच्या घरातले देव्हारे तेव्हाच उतरले. आणि एका गिऱ्हाइकाला लांब ठेवायला मी पुन्हा तो दोरा विकत आणू? आपल्याकडं बाईला नात्यातच जागा आहे. आई, बहीण, बायको, सून. ह्या चारांत जी बसली नाही ती मोकळी, आणि मोकळी म्हणजे कुणाचीही. पण बाबासाहेबांनी समतेच्या शेजारी बंधुता मांडली आणि धम्माच्या भाषेत तिला मैत्री म्हटलं, ती ह्या चार खणांच्या बाहेरची आहे. रक्ताचं नसलेल्या, लग्नाचं नसलेल्या, अनोळखी माणसाशीही माणसासारखं वागायचं, हा तिचा अर्थ. मला त्या गिऱ्हाइकाची बहीण व्हायचं नाही. मला चहावाली राहायचंय. त्यानं गिऱ्हाईक राहावं. एवढी साधी जागा दोन माणसांच्यात का नसावी?

आता त्याच्या बाजूचं सांगते. ते सोपं नाही, आणि आपल्या पोरांनी ते ऐकलं पाहिजे, कारण उत्तर देताना आपल्यातले भलेभले अडखळतील.

तो म्हणाला, "मी तुमच्या हातचा चहा पितो. घरचे बोलतात तरी पितो. जात मानत नाही. आणि बाबासाहेबांनीच सांगितलंय की आंतरजातीय लग्नाशिवाय जात जाणार नाही. मग मला नाही म्हणताना तू जात मानतेस की नाही?"

हे ऐकल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. वाक्य खोटं नव्हतं. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं. मंडळाला ते झेपलं नाही, भाषण झालंच नाही, मग बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. त्यात लिहिलंय की नुसत्या सहभोजनानं जात मोडत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. म्हणजे मी नकार देऊन बाबासाहेबांच्या विरुद्ध गेले?

पाळीवरून आल्यावर दोन रात्री जागून ते भाषण पुन्हा वाचलं. माझं शिक्षण बेताचं, इंग्रजी तर शब्दकोश घेऊन वाचावं लागतं. पण त्याच पुस्तकात, त्याच भागात पुढं बाबासाहेब म्हणतात की आंतरजातीय जेवणावळी आणि लग्नं घडवून आणायच्या मोहिमा म्हणजे माणसाला जबरदस्तीनं भरवण्यासारखं आहे. आधी माणसाला, बाईला आणि पुरुषाला दोघांनाही, शास्त्राच्या गुलामीतून सोडवा, मग ते आपणहून एकत्र जेवतील, आपणहून लग्नं करतील. आपणहून! त्या गिऱ्हाइकानं अर्धं वाचलं आणि तेवढंच माझ्यापुढं ठेवलं.

त्याच्याही वीस वर्षं मागं जा. १९१६ साली, वय पंचवीस, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. जात म्हणजे जातीतच लग्न, हे त्याचं सार. आणि जातीतच लग्न टिकवायचं तर बाईला ताब्यात ठेवावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळं त्यासाठी आलं. म्हणजे जात कशानं उभी राहिली? बाईनं कुणाशी संसार करायचा ते बाईनं सोडून बाकी सगळ्यांनी ठरवण्यानं. मग जात मोडण्याच्या नावाखाली पुन्हा माझ्याऐवजी दुसराच कुणीतरी ठरवत असेल, तर त्यात मोडलं काय? वरची फांदी तोडली आणि मुळाला पाणी घातलं.

आपल्या भाषेतला शब्दच बघा. रोटीव्यवहार, बेटीव्यवहार. सुधारक मंडळी मोठ्या अभिमानानं वापरतात. भाकरीचा व्यवहार कळतो, मी रोज चहाचा करते. पण बेटीचा व्यवहार? व्यवहारात एक देणारा असतो, एक घेणारा असतो आणि मधे माल असतो. ह्या शब्दात बेटी काय आहे ते तुम्हीच सांगा.

राहिलं चहाचं उपकार. हे बोलणं त्यानं कोल्हापूरच्या मातीत करावं ह्याचं मला जास्त वाईट वाटलं. आमच्या ह्याच जिल्ह्यात गंगाराम कांबळे होऊन गेले. महाराजांच्या पागेत नोकरीला होते, हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना मदत केली, गंगारामांनी 'सत्यसुधारक' हॉटेल काढलं. सवर्ण तिकडं फिरकेनात. तेव्हा महाराज स्वतः जाऊन सगळ्यांदेखत तिथला चहा प्याले आणि सोबतच्या वरच्या जातीच्या माणसांनाही पाजला. मोठी गोष्ट. चहा पिणंही क्रांती असू शकते ती अशी. पण त्या चहाच्या बदल्यात महाराजांनी गंगारामांकडं काय मागितलं? काही नाही. प्याले आणि गेले. अस्पृश्यता पाळली नाही म्हणून कुणी कुणाचं देणं लागत नाही. आमच्या ग्लासाला ओठ लावलेत हे उपकार असतील, तर ओठ न लावणं हा तुमचा हक्क होता असं झालं की!

ओठाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी अस्पृश्यांना साचाखात्यात घेत नसत. धोट्यातून सूत ओढायला ते तोंडानं चोखावं लागायचं आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नव्हता. साचाखात्यात पगार जास्त, म्हणून तिथंच दार बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. सुताला आमचे ओठ चालत नव्हते. आमच्या बायांचे ओठ मात्र शेतात, वाड्यावर, कुणालाही कधीही चालत होते, तिथं विटाळ आडवा आला नाही. हा इतिहास आमच्या गाड्यावरच्या बाकड्यावर येऊन बसतो, गिऱ्हाइकाला ठाऊक असो वा नसो. तो म्हणेल, मी तसा नाही. नसेल. पण मी त्या बायांची नात आहे. मी सावध असले तर तो माझा वेडेपणा नाही.

आता आपल्या पोरांबद्दल. वस्तीत कुणकुण लागली. दुसऱ्याच दिवशी दोन मोटारसायकली आल्या, सहाजण. "ताई, तुम्ही फक्त नाव सांगा. आपल्या पोरीकडं बघतो म्हणजे काय?" मला त्यांची माया कळते. रागही कळतो. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, खर्ड्याला, आमच्या नितीन आगेला वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्यावरून मारून झाडाला लटकावलं. सतरा वर्षांचं पोरगं. २०१७ साली आरोपी सुटले. आपला पोरगा बोलला तर फास, त्यांचा पोरगा मागं लागला तर प्रेमकथा, चिठ्ठी, कविता. हा हिशोब कुठल्याही आंबेडकरी पोराच्या डोळ्यांत रक्त आणेल.

तरी मी नाव सांगितलं नाही. मी विचारलं, "तो आपल्यातला असता तर आला असता का?" कुणी बोलेना. कारण जयंतीच्या वर्गणीचं निमित्त काढून एका पोरीच्या दारात रोज उभा राहणारा त्या सहांतच होता. तिनं दार लावून घ्यायला सुरुवात केली तेव्हा "लई भाव खाती" म्हणून हसणारेही त्यांतच होते. 'आपली पोरगी' ह्या दोन शब्दांत माया आहे आणि मालकीही आहे. गिऱ्हाईक म्हणत होता, तत्त्वासाठी माझी हो. पोरं म्हणत होती, तू आमची आहेस. मी काय म्हणते हे विचारायला थांबलं कोण? आणि मार बसला असता तर त्याची किंमत कुणी दिली असती? पोरांवर केस, आईचा गाडा उचलला, आणि गावभर माझं नाव.

बौद्ध साहित्यात एक थेरी आहे, सुभा. जीवकाच्या आंबराईतून चाललेली. एका तरुणानं वाट अडवली आणि तिच्या डोळ्यांचं कौतुक सुरू केलं. तिनं समजावलं, तो ऐकेना. शेवटी तिनं स्वतःचा डोळा काढून त्याच्या हातावर ठेवला, की घे, हाच हवा होता ना. थेरीगाथेतली ही गोष्ट विहारात सांगतात तेव्हा सगळे सुभाच्या वैराग्यानं भारावतात. मीही भारावते. बुद्धापुढं गेल्यावर तिचा डोळा परत आला असंही त्यात आहे. पण माझा अडाणी प्रश्न असा, की तो तरुण शहाणा व्हायला बाईला डोळा का काढावा लागला? तिचं 'नको' कमी होतं का? मला माझे दोन्ही डोळे पाहिजेत. ऑटोकोनरवर एका डोळ्यानं काम होत नाही.

बाई गप्प राहिली तर तो होकार, हे तर कोर्टानंही म्हटलेलं आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, कारण अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. त्यावर देशभर बाया उठल्या तेव्हा कुठं १९८३ साली कायदा बदलला. आज कायदे बरेच आहेत. बाईनं स्पष्ट नाराजी दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क करणं हा गुन्हा आहे. तो २०१३ साली कायद्यात आला, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा असंघटित क्षेत्रालाही लागतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. म्हणजे चहाचा गाडा हेही कामाचं ठिकाणच. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीनं लैंगिक स्वरूपाचे शब्द आणि हावभावही आले. पोरींनो, हे तोंडपाठ करा. पण ह्या सगळ्याची किल्ली एकाच जागी आहे. बाईनं 'नको' म्हटलेलं स्पष्ट दिसलं पाहिजे. आणि ज्या बाईचं पोट गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे तिला स्पष्ट बोलणंच महाग पडतं. कायद्याला जे लागतं तेच गाड्याला परवडत नाही.

मी काय केलं ते थोडक्यात. शंभराच्या नोटेचे नव्वद रुपये दरवेळी त्याच्यापुढं ठेवले, त्यानं उचलले नाहीत तर भांड्यात साठवले आणि महिन्यानं पाकिटात घालून परत दिले. पुस्तक चिठ्ठीसकट परत. त्याचा नंबर बंद केला. मग तो घरी बसून आमच्या क्यूआर कोडवर रात्री एकेक रुपया पाठवायला लागला, सोबत दोन ओळी. आईच्या पिशवीतलं खोकं अंधारात ओरडायचं, एक रुपया जमा झाला. आई दचकून उठायची. ते सगळे रुपये तारखेनिशी वहीत लिहिले. गाड्यावर पाटी लावली, 'चहा झाल्यावर बाकडे मोकळे करावे', सगळ्यांसाठी. आणि एक दिवस पाळी सुटल्यावर खात्यातल्या आठजणींना चहाला बोलावलं. त्या उभ्या असताना त्याला सांगितलं, "मी नाही म्हणाले होते. आजही नाही. रुपये पाठवायचे बंद करा. तारखा माझ्याकडं लिहिलेल्या आहेत."

तो पांढरा पडला. म्हणाला, "चारचौघांत अपमान केलास. एकटीनं सांगायचंस." एकटीनं सांगितलं होतं तेव्हा त्यानं विचार कर म्हटलं होतं. नकार एकांतात दिला की पुरुषाचा मान राहतो, पण त्याला हवा होता तो एकांतच. मग म्हणाला, "मी काय गुन्हा केला? प्रेमच केलं." त्याच्या मनात जे उगवलं त्याचा मी निवाडा करत नाही. मनात काय उगवावं ह्यावर कुणाचा ताबा आहे? ते माझ्या दारात आणून ओतलं आणि वर मीच निस्तरायचं म्हटलं, भांडण त्याच्याशी आहे. अपमानाचं म्हणाल तर त्याला वाईट वाटलं असेल. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलावं, ही दया नव्हे. ती वेठबिगार.

तो यायचा बंद झाला. त्याच्यासोबत पेढीवरचे हमाल आणि ड्रायव्हरही बंद झाले, त्यानं काय सांगितलं कोण जाणे. रोजचे तीसेक चहा गेले. तीनशे रुपये. आई त्यावर काही बोलत नाही, फक्त दूध एक लिटर कमी घेते. मुठी आवळून आलेल्या सहाजणांना मी म्हटलं, "माझ्यासाठी काही करायचंय ना? मग रोज संध्याकाळी या, चहा प्या, दहा रुपये द्या आणि जा." दोघं येतात. दोघांत तो वर्गणीवाला नाही. बाकीच्यांना चहापेक्षा मारामारीला वेळ लवकर मिळतो, असं दिसतं.

ते गिऱ्हाईक आता पेट्रोल पंपाच्या अलीकडच्या गाड्यावर बसतं. तिथं अकरावीतली एक पोर आईला मदत करते. आपल्या समाजाची नाही, जात मी विचारली नाही. परवा पाळी सुटल्यावर तिकडं गेले आणि तिच्या आईला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, वहीही दाखवली. बाई बराच वेळ गाळणी धूत राहिली. मग म्हणाली, "आमच्यात आजून तसलं काय न्हाई, बाई. पण शंभराची नोट देतोय. सुट्टं घेत न्हाई."